बर्फाचा पांढरा आणि माणसाचा पांढरा

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी भिंगारच्या बाजारात मला अजून ‘बाहुल्यावाल्या बाई’ म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, या बाई चिंध्यांच्या बाहुल्या करून विकत असतील. मी खुलासा करायला जात नाही, कारण खुलासा ऐकून माणूस आणखीच बुचकळ्यात पडतो. भिंगारच्या छावणीत लष्कराची एक प्रशिक्षण शाळा होती, तिथं मी सैनिक रंगवायचे. शिशाचे, अंगठ्याच्या पेराएवढे. सगळी नोकरी त्यातच गेली. आणि त्यातही माझं नाव झालं ते एकाच रंगावर, पांढऱ्यावर.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या नोकरीविषयी लिहा’ म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. बदली कधी झाली नाही आणि बढती झाली ती स्टुलावरून खुर्चीवर बसण्यापुरती. सासूबाई तर शेवटपर्यंत म्हणायच्या, “दिवसभर बाहुल्या रंगवायच्या आणि त्याला नोकरी म्हणायचं!” पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या हातून एक काम असं झालं, की ते आठवलं की आजही माझी मान ताठ होते. त्या कामाचंच सांगते. त्याआधी थोडं कारागिरीचं पुराण ऐकावं लागेल.

आमच्या खोलीला ‘मॉडेल रूम’ म्हणत. खोलीच्या मधोमध एक अवाढव्य टेबल, त्याला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या आणि आत वाळू. या वाळूचे डोंगर करायचे, नद्या करायच्या, रंगवलेल्या लाकडी भुशाची शेतं पेरायची. मग त्यावर बोटभर रणगाडे, ट्रक, तोफा आणि सैनिक मांडायचे. अधिकाऱ्यांच्या दोन बाजू पडत, एक चढाई करणारी, एक थोपवणारी. मधे पंच. पंच सांगेल तेवढंच आपलं सैन्य लांब काठीनं पुढं सरकवायचं. लढाईची ही रंगीत तालीम. बाहेरच्या माणसाला तो मिशाळ माणसांचा भातुकलीचा खेळ वाटेल. मलाही पहिले काही दिवस तसाच वाटला. पण ती मोठमोठी माणसं एका चुकलेल्या ओढ्यासाठी ज्या पोटतिडकीनं भांडत, ते पाहिल्यावर माझं हसू गेलं. त्यांनी खऱ्या ओढ्यात माणसं गमावलेली असायची.

सैनिक ओतायचं काम युसूफभाईंचं. भिंगारचेच, वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. शिसं आणि कथील वितळवून साच्यात ओतायचं, थंड झालं की बाहुला बाहेर काढायचा, कडा कानशीनं घासायच्या. तिथून पुढं माझं राज्य. मी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या आणि माझे वडील छावणीतच ट्रकांवर नंबर घालायचं काम करायचे, त्यामुळं मला ब्रश धरायला शिकवावं लागलं नाही. पांढरा मात्र शिकावा लागला.

लोकांना वाटतं, पांढरा सगळ्यांत सोपा. डबा उघडा आणि फासा. करून बघा. खाकी, हिरवा, काळा हे रंग एका हातात बसतात. पांढरा बसत नाही, खालचं सगळं दिसत राहतं. मग नवखा माणूस चिडून जाड थर देतो आणि बाहुल्याचं नाक, पट्टा, बटणं सगळं त्या रंगात बुडून जातं. सैनिक दह्यात पडल्यासारखा दिसतो. रंगात जवसाचं तेल जास्त झालं तर काही महिन्यांत पांढऱ्याचा पिवळा होतो. शिवाय आमच्याकडची धूळ! उन्हाळ्यात माळावरनं वारा सुटला की खिडक्या बंद असूनही ओल्या रंगावर धूळ बसायची. त्याच्यावर कडी म्हणजे माश्या. माशीला पांढऱ्याचं काय वेड आहे देव जाणे. मी शेवटी सासूबाईंचं दुधाचं जाळीचं कपाट उचलून मॉडेल रूममध्ये नेलं आणि पांढरे बाहुले त्यात वाळत ठेवायला लागले. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते वेगळंच.

“बाई,” युसूफभाई म्हणायचे, “काळा रंग तुम्हाला सांभाळून घेतो. सफेद चुगली करतो.”

त्यांच्याकडूनच मी शिकले. आधी राखाडी अस्तर, मग पाण्यासारखे पातळ हात, एक वाळला की दुसरा, आणि निव्वळ पांढरा फक्त उजेड पडतो तिथं, खांद्यावर, टोपीच्या कडेला, गुडघ्यावर. एकदा समारंभासाठी घोडदळाची जुनी तुकडी रंगवायची होती, त्यात एक पांढरा घोडा होता. मी तो खडीसाखरेसारखा पांढराशुभ्र केला. एक म्हातारे निवृत्त रिसालदार आले, घोडा हातात घेऊन नाकाशी धरला आणि म्हणाले, “बेटी, हा घोडा आजारी आहे.” मग त्यांनी सांगितलं, पांढऱ्या घोड्याची कातडी आतून काळसर असते, नाकाशी, डोळ्यांभोवती, गुडघ्यांवर ती दिसते. मी तो घोडा पुन्हा रंगवला. रिसालदार परत आले तेव्हा त्यांनी घोड्याच्या मानेवरून बोट फिरवलं आणि निघून गेले. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला पांढरा आला.

तो गैरसमज होता.

त्या हिवाळ्यात वरून हुकूम आला. दिल्लीहून बडे अधिकारी येणार, त्यांच्यासमोर बर्फाळ डोंगरातल्या चढाईचा खेळ मांडायचा. आमची सगळी हयात मैदानं, कालवे आणि उसाची शेतं मांडण्यात गेलेली. युसूफभाईंनी बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मी पाहिला होता तो लग्नातल्या सरबताच्या पिंपात. आमच्या खोलीचे प्रमुख कॅप्टन भल्ला होते. तरुण, हसतमुख, पण रणगाड्यांतला माणूस. त्यांचीही नोकरी वाळूत आणि शेतांत गेलेली.

“बाई, बर्फ म्हणजे काय, पांढरा!” ते म्हणाले. “आणि बर्फात सैनिक पांढरे कोट घालतात. म्हणजे तुमच्याच हातातलं काम.”

मला ते पटलं. युसूफभाईंनी प्लॅस्टर आणि चुन्याचे डोंगर उभे केले. मी पांढरे कोट घातलेले सैनिक रंगवले. खोटं कशाला सांगू, तसा पांढरा मी आधी कधी लावला नव्हता. एकेक बाहुला मोगऱ्याच्या कळीसारखा. जाळीच्या कपाटात ते रांगेनं वाळत होते तेव्हा मी उगाचच दोन-तीनदा दार उघडून बघितलं.

तालमीला शाळेचे कमांडंट साहेब स्वतः आले. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. पंचांनी खेळ सुरू केला आणि कमांडंट साहेब टेबलावर ओणवे होऊन शोधायला लागले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“माझी प्लाटून कुठं आहे?”

भल्ला साहेबांनी घसा साफ केला. “सर, आपल्या कोपराखाली.”

खरोखरच साहेबांनी कोपर टेकवलं होतं आणि त्याखाली माझे मोगरे आडवे झाले होते. बाकीचे डोंगरावर कुठं होते ते मलाही सांगता येईना. पांढऱ्यावर पांढरं, सगळं सपाट. एक अधिकारी हसला, त्याच्यामागं सगळे हसले. कमांडंट साहेब तेवढे हसले नाहीत.

“नकाशा आणि टाचण्या काय वाईट होत्या?” ते भल्ला साहेबांना म्हणाले. “पाहुणे येऊन जाऊ दे. मग ही खोली स्टोअरला देऊन टाकू.” जाताना दारात थांबून म्हणाले, “निदान त्यांच्या डोक्यावर लाल टोप्या तरी रंगवा.”

ते गेल्यावर मी भल्ला साहेबांना म्हटलं, “साहेब, लाल टोपी घातली तर ती समोरच्या बाजूलाही दिसणार. मग पांढरा कोट घालायचा कशाला?”

“ते मलाही कळतं. पण दुसरा उपाय आहे?”

“आहे. मला थोडे दिवस द्या.”

उपाय माझ्याकडं अजिबात नव्हता. पण लाल टोपी लावायला माझा हात धजत नव्हता. भल्ला साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि मान डोलावली. “खोली गेली तर मीही स्टोअरमध्येच जाणार,” ते म्हणाले.

आता भानुदासबद्दल सांगायला हवं. हुद्द्यानं नाईक, आमच्याच जिल्ह्यातला, पाथर्डीच्याही पलीकडच्या कोरडवाहू गावचा. उत्तरेच्या सीमेवर बर्फात त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. बर्फानं कुजली म्हणून डॉक्टरांनी काढली. छावणीच्या दवाखान्यातून त्याला हलक्या कामावर आमच्याकडं पाठवलं होतं, बसून बाहुल्यांच्या कडा कानशीनं घासायला. बुटाच्या पुढच्या भागात कापूस कोंबून तो चालायचा. बोलायचा कमी. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्यानं आपलं स्टूल असं ठेवलं होतं की टेबलाकडं त्याची पाठ असायची. बर्फाचं काम सुरू झाल्यापासून तो जेवायलासुद्धा भिंतीच्या कडेकडेनं जायचा.

खोलीत बर्फ पाहिलेला एकच माणूस होता आणि आम्ही त्याला काही विचारलं नव्हतं. मला विचारायचा धीर झाला नव्हता, हे खरं.

तालमीनंतर मी माझे पडलेले बाहुले उचलत होते. मागून आवाज आला.

“बाई, रागावनार न्हाई ना?”

“नाही. बोला.”

“त्यो बर्फ न्हाई. त्यो चुना हाय.”

युसूफभाई मोठ्यानं हसले. मीही हसले, कारण तो खरोखरच चुना होता. भानुदास हसला नाही. पाठ टेबलाकडंच ठेवून, कानशीनं घासता घासता तो बोलत राहिला.

“बर्फ निळा असतो, बाई. सकाळच्याला तर नीळ घातल्यावानी. सावलीत जांभळा. दुपारी त्याच्याकडं बघवत न्हाई, डोळं फुटत्यात. निस्ता पांढरा असा कवाच दिसत न्हाई.”

“आणि माणसं? पांढऱ्या कोटातली?”

त्याची कानस थांबली. “मानूस कुठला पांढरा ऱ्हातोय? कोट नवा असंल तवर. एकदा वर गेलं की धुनं न्हाई, काय न्हाई. तंबूत रॉकेलचा स्टोव्ह, त्याची काजळी. पाठीवर सामानाचा पिट्टू घासून घासून काळं पडतं. फुडनं बरा असतो, वाऱ्यानं बर्फ चिकटतो ना फुडनं. पाठीकडनं मातुर समदी मळकी. जुन्या धोतरावानी. आमी एकमेकाला पाठीवनंच वळखायचो.”

“आमी म्हणजे?”

“मी आन् किसन. सातारकडचा. आमी दोगं बरोबर असायचो.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “त्यो वरच ऱ्हायला.”

युसूफभाईंनी हातातला साचा खाली ठेवला. भानुदासनं स्टुलावर बसल्या बसल्या हळूहळू अंग वळवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा टेबलाकडं तोंड केलं. बराच वेळ तो त्या चुन्याच्या डोंगरांकडं बघत राहिला. “उतार बी चुकलाय,” तो म्हणाला, “पन त्यो करता यील.”

दुसऱ्या दिवशी भिंगारचा बाजार होता. मी सुट्टी टाकली आणि भाजीची पिशवी घेऊन बाजारात जाऊन बसले, ती मिरच्या घ्यायला नव्हे. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली माणसं बघत होते. फेटे, धोतरं, टोप्या, सदरे. सगळी पांढरी म्हणायची, पण दोन माणसांचा पांढरा सारखा नव्हता. कुणाच्या टोपीला नीळ जास्त झालेली, कुणाचं धोतर विहिरीच्या क्षारांनी पिवळट, कुणाच्या सदऱ्याची पाठ घामानं मातकट. एक म्हातारा निळ्या रंगाच्या भिंतीला टेकून बसला होता. त्याचं जुनं धोतर त्या भिंतीपुढं चक्क केशरी झाक मारत होतं. मी त्याच्याकडं इतकं टक लावून बघत होते की म्हातारा म्हणाला, “काय बाई, वळखीचं हाय का?” मी घाईघाईनं उठले आणि समोरच्या दुकानातून निळीच्या पुड्या घेतल्या. दुकानदारानं विचारलं, “बाई, सगळ्या गावाचे कपडे धुणार का?”

पुढचे दिवस आम्ही तिघांनी त्या टेबलावर काढले. युसूफभाईंनी प्लॅस्टरमध्ये नीळ कालवली. भानुदास त्यांना सांगायचा, इथं जास्त, इथं कमी, इथं वाऱ्यानं बर्फ उडून दगड उघडा पडतो, इथं बर्फ कड्याच्या बाहेर लोंबतो आणि खाली पोकळ असतो. एकदा त्यानं चमच्यानं प्लॅस्टर खरवडलं आणि स्वतःच एक कपार तयार केली. ती झाल्यावर तो बाहेर जाऊन बराच वेळ कट्ट्यावर बसून राहिला. मी चहा नेऊन दिला. त्यानं घेतला.

माझं काम होतं माणसांचं. सगळे मोगरे मी टर्पेंटाइनमध्ये धुऊन काढले. वाईट वाटलं, खोटं नाही बोलणार. मग नव्यानं अस्तर दिलं. पाठीला मातकट राखाडी, पुढून फिकट निळसर राखाडी. पाठीवर पांढऱ्यात गेरू आणि पिवळ्या मातीचा कण मिसळला, पिट्टूचे बंद घासतात तिथं काजळी. पुढच्या बाजूला मात्र जवळजवळ बर्फाचाच रंग, छातीवर आणि टोपीच्या कडेला शुद्ध पांढरा. भानुदास एकेक बाहुला हातात घेऊन बघायचा. “ह्याला आजून मळवा,” म्हणायचा. एखाद्याला नुसता “हां” म्हणायचा, की तो जाळीच्या कपाटात.

सगळे डोंगरावर मांडले तेव्हा मी चढाई करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. सैनिकांच्या पाठी माझ्याकडं. एकेक माणूस स्वच्छ दिसत होता, निळ्या बर्फावर उन्हात वाळत घातलेल्या जुन्या कपड्यासारखा. मग टेबलाला वळसा घालून शत्रूच्या बाजूला गेले. तिथून डोंगर तेवढा दिसत होता. डोळे बारीक केले तर कुठं कुठं काही असावंसं वाटत होतं, बस्स. म्हणजे खेळाला जे हवं होतं तेच. आपली माणसं आपल्याला दिसावीत, समोरच्याला दिसू नयेत. मी हे योजलं नव्हतं. भानुदासनं जसं पाहिलं होतं तसं मी रंगवलं, एवढंच. पण रंग माझ्या हातानं लागला होता, हेही तितकंच खरं, आणि ते म्हणायला मी कधी लाजले नाही.

पाहुणे यायला एप्रिल उजाडला. त्यातले सर्वांत मोठे साहेब, पिकलेल्या मिशांचे जनरल, चढाईच्या बाजूला बसले. आमचे कमांडंट साहेब बचावाच्या बाजूला. पंच होते भल्ला साहेब. दिसेल त्यावरच गोळीबार सांगायचा, असा नियम. मी आणि युसूफभाई भिंतीला लागून उभे. भानुदास दारापाशी, सावधान.

काठ्या हलू लागल्या. सैनिक ओहोळातून वर चढले, कड्याला वळसा घालून आले, आमच्या साहेबांच्या ठाण्याच्या अगदी जवळ. साहेब पुढं वाकले, मागं झाले, चष्मा पुसला. या वेळी कुणी हसलं नाही.

“मला काही दिसत नाही,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मग पंचांनी जाहीर केलं, वादळ येतंय. चढाई करणाऱ्यांनी माघार घ्यायचं ठरवलं. काठ्यांनी एकेक सैनिक वळवला. वळल्याबरोबर त्यांच्या मळक्या पाठी आमच्या साहेबांच्या बाजूला झाल्या.

“दिसले!” साहेब जवळजवळ ओरडलेच. “दिसले! सगळे दिसतात! गोळीबा...” आणि शब्द अर्धाच राहिला. त्यांना कशानं थांबवलं ते मी सांगू शकत नाही. माघारी वळलेली ती एवढीएवढीशी माणसं उतारावर उघडी पडली होती आणि टेबलाभोवतीच्या पुष्कळांनी तसे उतार पाहिलेले असणार.

जनरल साहेब उठून टेबलाला वळसा घालून गेले. एक बाहुला उचलला, पाठ बघितली, पुढची बाजू बघितली. “हे कुणी रंगवलं?”

भल्ला साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

“मी त्या उंचीवर राहिलेलो आहे,” जनरल साहेब मला म्हणाले. “तुम्ही कधी गेला होतात?”

“साहेब, मी पुण्याच्या पुढं गेलेली नाही,” मी म्हटलं. “नाईक भानुदासांनी सांगितलं, मी रंगवलं. डोंगर युसूफभाईंचा.”

जनरल साहेब दारापर्यंत गेले. भानुदासच्या बुटाकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि मग त्याच्या डोळ्यांत पाहून हात पुढं केला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. कमांडंट साहेब जाताना आमच्याजवळ थांबले. “बाई, लाल टोप्यांचं मी जे बोललो, ते मी बोललोच नाही,” म्हणाले. स्टोअरचा विषय पुन्हा निघाला नाही. माझ्या निवृत्तीपर्यंत ती खोली मॉडेल रूमच राहिली. पुढं ती गेली, टेबलही गेलं, बाहुले कुठल्याशा खोक्यांत भरून कुठं गेले ते कुणी सांगू शकत नाही. त्याची हळहळ आहे. माझ्या हातचं एकही काम मला माझ्या मुलांना दाखवता आलं नाही. बाहेरच्या माणसाला त्या खोलीत यायची परवानगीच नव्हती.

एकदाच ती मिळाली.

खेळ झाला त्याच सुमारास वैद्यकीय मंडळानं भानुदासला नोकरीतून मोकळं केलं. गावी न्यायला त्याची बायको येणार होती, हौसा तिचं नाव. तिला पायाची बोटं गेली एवढं पत्रानं कळलं होतं. त्यापलीकडं तो काही सांगत नव्हता. “काय सांगू, बाई?” तो मला म्हणाला होता. “तिला बर्फच ठावं न्हाई. सुरवात कुठनं करू?”

मी भल्ला साहेबांकडं गेले. खेळ संपला की टेबल मोडायचं असा शिरस्ता होता. मी म्हटलं, “साहेब, एक दिवस ते तसंच राहू द्या. आणि एक पास हवा, एका बाईसाठी.” साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते जरा वेळ पेन हातात धरून बसले. “लढाई संपली,” म्हणाले, “आता ते नुसतं प्लॅस्टर आहे,” आणि सही केली.

हौसा थेट साखर कारखान्याच्या भागातून आली होती, दिराच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती ती. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे. बाहेर ऊन असं की डांबर पघळत होतं. ती दारातून आत आली, टेबलाजवळ गेली आणि उभी राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर खांद्यांवरून ओढून घट्ट लपेटून घेतला.

“लई गार हाय की वो हितं,” ती हलकेच म्हणाली.

खोलीतला पंखा बंद होता. युसूफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. जनरलनं माझ्याशी हात मिळवला असता तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

“ह्यात तुमी कुठलं?” तिनं भानुदासला विचारलं.

भानुदासनं काठी घेतली. “ह्यो आमचा तंबू. हितनं आमी निगालो. वर जाईस्तवर समदं ठीक हुतं. माघारी फिरलो आन् वारा सुटला. हातायेवढं बी दिसंना.” त्यानं दोन सैनिक काठीनं सरकवत नेले आणि स्वतः केलेल्या त्या कपारीत टेकवले. “हितं बसलो. मी आन् किसन.”

“मंग?”

“मंग बसूनच ऱ्हायलो. किसन बोलत हुता. त्याच्या पोरीचं सांगत हुता. मंग बोलायचा थांबला. मी त्याला हालवत हुतो. लोकं आली ती मला घिऊन गेली.”

“आन् त्यास्नी?”

“त्यो तितंच.”

मी आणि युसूफभाई खिडकीपाशी उभे होतो. तिथून जावं असं वाटत होतं, पण पाय निघत नव्हता. हौसानं हात लांब केला आणि कपारीतले ते दोन्ही बाहुले उचलले.

“आगं, हात नको लावू. सायबाचं हाय ते.”

“आसू द्या.”

तिनं ते दोघे खाली आणले आणि तंबूच्या तोंडाशी, एकमेकांच्या शेजारी ठेवले. एक जरा कलत होता, तो बोटानं नीट उभा केला. भानुदासनं काठी टेबलाच्या कडेला टेकवली आणि स्टूल ओढून खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

संध्याकाळच्या एस.टी.नं ते गेले. भानुदासनं जाताना युसूफभाईंना मिठी मारली आणि मला खाली वाकून नमस्कार करायला लागला, मी करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल मोडायचं होतं. युसूफभाई फावडं घेऊन उभे राहिले, डोंगराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“कुठून सुरू करू, बाई?”

“शिखरापासून,” मी म्हटलं. “तंबू शेवटी.”